दर फेरीला स्मरणशक्ती ‘सुधारते’ आहे? वृद्धांच्या पाठपुरावा अभ्यासातील गळती कशी शोधावी आणि कुठवर दुरुस्त करावी

वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांवरील पाठपुरावा अभ्यासांची, म्हणजे त्याच माणसांना काही वर्षांच्या अंतराने फेरीफेरीने पुन्हा भेटून केलेल्या अभ्यासांची, आकडेवारी सांभाळणे हे गेली अनेक वर्षे माझे काम आहे. अभ्यास बदलतात, गावे बदलतात, प्रश्नावलीची जाडी बदलते. बिघाड मात्र लोक तोच घेऊन येतात. ‘निकाल काहीतरी विचित्र दिसतो आहे, आज्ञावलीत कुठे चूक आहे का बघा,’ अशी सुरुवात होते आणि बहुतेक वेळा आज्ञावली अगदी बरोबर असते. बिघाड आधीच, उंबरठ्यावर झालेला असतो: ज्यांची स्मृती मोजायची होती, त्यांतली काही माणसे स्मृती मंदावल्यामुळेच अभ्यासातून निघून गेलेली असतात. हीच गळती.

लक्षणे

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे सरासरी गुण फेरीगणिक जागच्या जागी राहणे किंवा चक्क वाढणे. सत्तरीच्या पुढील गट चार वर्षांनी म्हातारा झाला आणि तरी स्मृतीच्या तीस गुणांच्या चाचणीतील सरासरी हललेली नाही, तर पेढे वाटण्याआधी थांबावे.

दुसरे लक्षण वयाच्या आलेखात दिसते. स्मृतिभ्रंशाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण साठीनंतर दर पाच-सहा वर्षांनी साधारण दुप्पट होत जाते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेले आहे. तुमची रेषा ऐंशीनंतर सपाट होत असेल किंवा खाली वळत असेल, तर त्या वयाचे आजारी लोक तुम्हाला भेटलेलेच नाहीत ही शक्यता आधी धरावी. तिसरे लक्षण याच्या शेजारचे आहे: अपायकारक गोष्टी उपकारक दिसू लागतात. धूम्रपान करणाऱ्यांची स्मृती न करणाऱ्यांइतकीच किंवा त्यांच्यापेक्षा बरी दिसली, की शोध लागला असे न समजता यादी तपासायला घ्यावी.

चौथे लक्षण शिक्षणाच्या रकान्यात सापडते. यादी बंद आहे, तीत नवीन नाव घातलेले नाही, तरी पहिल्या फेरीपेक्षा तिसऱ्या फेरीत दहावी झालेल्यांचे प्रमाण बरेच जास्त आहे. जणू मधल्या काळात सगळ्या आजी-आजोबांनी रात्रशाळा केली. पाचवे लक्षण म्हणजे रिकाम्या चौकटी. वय, जात, चुलीचा प्रकार, जमीन किती, सगळे भरलेले. फक्त ‘मघाशी सांगितलेले दहा शब्द आता आठवून सांगा’ या प्रश्नापुढेच काही नाही.

यांपैकी एखादे लक्षण योगायोगानेही दिसू शकते. दोन एकत्र दिसली, तर मात्र खालच्या तपासण्या कराव्यात. त्यांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावला आहे आणि तो मोडू नये, कारण शेवटच्या टप्प्यावरची कोणतीही सांख्यिकी पद्धत पहिल्या तीन तपासण्यांतून मिळणाऱ्या माहितीवरच चालते.

पहिली तपासणी: गेलेले आणि राहिलेले यांचे पहिल्या फेरीचे गुण

याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास. पहिल्या फेरीतील सर्वांचे दोन गट करावेत, पुढच्या फेरीत भेटलेले आणि न भेटलेले, आणि दोन्ही गटांचे पहिल्याच फेरीतील गुण, वय, शिक्षण, विधवा-विधुर किती, एकटे राहणारे किती, हे शेजारी शेजारी मांडावे. निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, फक्त बघावे.

ही तपासणी का महत्त्वाची, ते एका कल्पित हिशेबाने दाखवतो. समजा, १००० माणसे आहेत. त्यांतील २०० जणांची स्मृती आधीच मंद आहे, त्यांचे सरासरी गुण २०. उरलेल्या ८०० जणांचे २६. मिळून सरासरी २४.८. दोन वर्षांत प्रत्येकाचा अर्धा गुण कमी झाला. पण मंद स्मृतीच्या गटातील निम्मे, म्हणजे १००, आणि दुसऱ्या गटातील दहा टक्के, म्हणजे ८०, पुन्हा भेटले नाहीत. उरलेल्या ८२० जणांची नवी सरासरी येते २४.७७. प्रत्येक माणूस खाली आला आणि सरासरी जागची हललीसुद्धा नाही. आता वरचा तक्ता मांडा: राहिलेल्यांचे पहिल्या फेरीचे गुण २५.२७, गेलेल्यांचे २२.६७. अडीच गुणांची ही दरी म्हणजेच तुमचा बिघाड.

या हिशेबात एकूण गळती फक्त १८ टक्के आहे, हे लक्षात घ्यावे. ‘आमची गळती वीस टक्क्यांच्या आत आहे, म्हणून काळजी नाही,’ हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकले आहे की आता त्यावर वाद घालत नाही, सरळ हा तक्ता पुढे करतो. किती गेले यापेक्षा कोण गेले याला महत्त्व आहे. चाळीस टक्के माणसे निव्वळ धरणाच्या पुनर्वसनामुळे हलली असतील, तर नमुना, म्हणजे हाती उरलेला गट, लहान होतो, पण बराचसा सरळ राहतो. दहा टक्केच गेली, पण ती सगळी विसरायला लागलेली असतील, तर नमुना कलतो.

हा शोध नवा नाही. मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे सुरू केलेल्या आणि दर सात वर्षांनी फेरी घेणाऱ्या अभ्यासात हेच दिसले होते: परत आलेल्यांचे पहिल्या वेळचे गुण न परतलेल्यांपेक्षा चांगले होते. तरीही प्रत्येक नवा अभ्यास हे नव्याने शिकतो.

दुसरी तपासणी: न भेटण्याचे कारण कोणी सांगितले?

आता संगणक बंद करून क्षेत्रावरच्या नोंदवह्या मागवाव्यात. बहुतेक ठिकाणी न भेटण्याच्या कारणांसाठी चार-पाच सांकेतिक अंक असतात: घर बंद, स्थलांतर, नकार, मृत्यू, इतर. संगणकात फक्त अंक चढतो, हकीकत वहीच्या समासात राहते.

एका अभ्यासात ‘नकार’ या अंकाखाली एका फेरीत अनपेक्षितपणे पुष्कळ नावे आली, तेव्हा मी त्या वह्या स्वतः चाळल्या. एका पानावर ७८ वर्षांच्या एका आजींपुढे निळ्या शाईत ‘नकार’ असे होते आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते: ‘सूनबाई म्हणाल्या, त्यांना आता काही समजत नाही, उगाच कशाला त्रास देता. चहा घेतला.’ हा नकार आजींचा नव्हता. तो घरच्यांनी केलेल्या निदानाचा सारांश होता आणि तो आमच्या फाइलमध्ये ‘सहभागीने नकार दिला’ म्हणून जमा झाला होता. त्या फेरीतील नकारांची पाने एकेक करून वाचली, तेव्हा याच धाटणीचे शेरे पुन्हा पुन्हा आले: ‘बाबा ओळखत नाहीत’, ‘आईचा स्वभाव बदललाय, अनोळखी माणसावर ओरडते’, ‘मागच्या वेळी उत्तरे आली नाहीत म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत’.

म्हणून या तपासणीत दोन प्रश्न विचारावेत. नकार कोणी दिला, स्वतः माणसाने की घरच्याने? आणि घरच्याने दिला असेल, तर बोलताना स्मृतीचा उल्लेख आला का? पुढच्या फेरीपासून ‘नकार’ या एका अंकाचे तीन अंक करावेत: स्वतः नकार, घरच्यांचा नकार आरोग्याच्या कारणाने, घरच्यांचा नकार अन्य कारणाने. छपाईचा खर्च सोडला तर याला काही लागत नाही. जुन्या फेऱ्यांसाठी समासातील शेरे वाचून तेच वर्गीकरण मागाहून करता येते; वाचणारी दोन माणसे असावीत आणि त्यांनी एकमेकांचे वर्गीकरण आधी पाहू नये. मागाहून केलेल्या या वर्गीकरणातून नेमके आकडे मिळत नाहीत, पण गळतीची दिशा कळते, आणि पुढे शेवटच्या तपासणीत तीच उपयोगी पडते.

तिसरी तपासणी: मृत्यू वेगळे काढले आहेत का?

बहुतेक संघ इथेच अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वृद्धांच्या अभ्यासात माणूस पुन्हा न भेटण्याचे एक मोठे कारण मृत्यू असते आणि आकडेवारीच्या फाइलमध्ये मेलेला माणूस व मुंबईला गेलेला माणूस दोघेही ‘माहिती नाही’ या एकाच रिकाम्या चौकटीत बसतात. हे चूक आहे. मुंबईला गेलेल्या माणसाचे गुण अस्तित्वात आहेत, आपण ते मोजू शकलो नाही. मृत माणसाचे या वर्षीचे गुण अस्तित्वातच नाहीत. ते ‘भरून काढणे’ म्हणजे मेलेल्या माणसाची स्मृती किती राहिली असती याचा अंदाज बांधणे. एका संघाने सगळ्या रिकाम्या चौकटी यांत्रिकपणे भरल्या होत्या. त्यात तीन वर्षांपूर्वी वारलेले एक आजोबा दर फेरीत हळूहळू विसरत चालले होते.

दुरुस्ती सोपी पण चिकाटीची आहे. न भेटलेल्यांची यादी घेऊन ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यू नोंदणीशी, शहरात महापालिकेच्या नोंदणीशी, रीतसर परवानगी घेऊन पडताळावी. गावातील आशाताईंना विचारावे. कोण वारले, कधी वारले आणि आधी किती दिवस अंथरुणाला खिळून होते, हे त्यांना तोंडपाठ असते. मृत्यूचा महिना मिळाला तरी पुष्कळ आहे. शक्य असेल तिथे जवळच्या नातेवाइकाशी एक छोटी मुलाखत करावी: शेवटच्या वर्षात पैशांचे व्यवहार स्वतः करत होते का, घरचा रस्ता चुकत होते का, नावे विसरत होते का. हे दुःखाच्या घरी जाऊन विचारायचे आहे, म्हणून निदान तेरावा होईपर्यंत जाऊ नये आणि अंतर किती ठेवावे हे नैतिकता समितीकडून आधीच ठरवून घ्यावे.

मृत्यू वेगळे काढल्यावर विश्लेषणाची भाषाही बदलते. ज्याला स्मृतिभ्रंश होण्याआधीच मृत्यू येतो, त्याच्या बाबतीत मृत्यू ही स्पर्धक घटना, म्हणजे आजाराची वाटच बंद करणारी दुसरी घटना, ठरते. अशा वेळी दोन वेगळे प्रश्न असतात: जिवंत आहेत त्यांच्यात आजार किती वेगाने येतो, आणि सुरुवातीच्या शंभरांपैकी प्रत्यक्षात कितीजण आजारी पडतील. दुसऱ्या प्रश्नासाठी फाइन आणि ग्रे या संख्याशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत सर्रास वापरली जाते. कोणता प्रश्न आपला आहे हे न ठरवता एकाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून छापणे ही चूक मी छापील निबंधांतही पाहिली आहे.

धूम्रपानाचे कोडेही इथेच सुटते. ज्यांच्यावर तंबाखूचा सर्वाधिक परिणाम झाला, ते स्मृतिभ्रंशाच्या वयाला पोहोचण्याआधीच हृदयविकाराने किंवा कर्करोगाने गेलेले असतात. ऐंशीला भेटणारा विडी ओढणारा माणूस हा काटक वाचलेल्यांपैकी असतो. साथरोगशास्त्रज्ञ मिगेल हर्नान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे नेमके दाखवले: अभ्यासातील माणसे जितकी वयस्कर, तितका धूम्रपान आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध क्षीण दिसतो, आणि या निवडीने त्याचा उलगडा होऊ शकतो.

चौथी तपासणी: दिनदर्शिका आणि पत्ता

‘घर बंद’ आणि ‘स्थलांतर’ या नोंदी तारखेनुसार लावून पाहाव्यात. मराठवाड्यातील ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर फेरी काढली, तर अर्धे गाव कारखान्यांच्या वाटेवर असते आणि मागे म्हातारी माणसे नातवंडे सांभाळत राहतात. तिथे घर उघडे मिळते, पण माहिती देणारे कर्ते माणूस मिळत नाही. आषाढात फेरी काढली, तर ठणठणीत वृद्धच वारीला गेलेले असतात आणि नमुना नेमका उलट्या बाजूला कलतो. कोकणात गौरी-गणपतीत सगळे सापडतात, फक्त प्रश्नावलीसाठी दीड तास कोणाकडे नसतो.

पत्त्याची गोष्ट अधिक चिवट आहे. अनेक वृद्धांचा एक पत्ता नसतोच. आई सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे, अशी पाळी लागलेली असते, आणि स्मृती मंदावू लागली की ही पाळी सुरू होते किंवा आधीची मोडून एकाच लेकीकडे कायमचा मुक्काम पडतो. म्हणजे ‘स्थलांतर’ ही वरवर निरुपद्रवी वाटणारी नोंद पुष्कळदा आजाराचीच खूण असते. एकट्या राहणाऱ्या आजोबांना मुलाने पुण्याला का नेले, हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय ती नोंद पूर्ण झाली असे मानू नये.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे पहिल्याच फेरीत तीन संपर्क घेणे: घरातील एक, दुसऱ्या घरी राहणारे मूल किंवा भावंड एक, आणि शेजारचे किंवा दुकानदाराचे एक. मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हे पुढे लिहून ठेवावे. आजींच्या नावापुढचा क्रमांक बहुधा नातवाचा असतो आणि नातू दर वर्षी सिमकार्ड बदलतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा, संक्रांतीला म्हणा, नुसता खुशाली विचारणारा फोन केला तरी पत्ते ताजे राहतात.

पाचवी तपासणी: भेटलेल्यांच्या रिकाम्या चौकटी

माणूस भेटला, पण प्रश्न सुटला, ही छोटी गळती आहे आणि ती दुर्लक्षित राहते. रिकामी चौकट तीन कारणांनी येते: विचारलेच नाही, उत्तर देणे नको वाटले, किंवा जमले नाही. तिन्हींना वेगळे अंक हवेत. ‘जमले नाही’ याला शून्य गुण मिळायला हवेत. ती चौकट रिकामी सोडली, तर सर्वांत अवघड जाणाऱ्या माणसांना आपण सरासरीतून वगळतो.

पण ‘जमले नाही’ म्हणण्याआधी चष्मा होता का, ऐकू येत होते का आणि प्रश्न त्या माणसाच्या आयुष्यातला होता का, हे पाहावे. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना ‘एक वाक्य लिहा’ असे सांगून स्मृतिभ्रंश मोजता येत नाही. म्हणूनच हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी ‘मिनी-मेंटल’ या मूळ इंग्रजी तीस गुणांच्या चाचणीचे हिंदी रूपांतर तयार करण्यात आले. ‘डोळे मिटा’ हे वाचून करण्याऐवजी परीक्षकाने करून दाखवायचे आणि समोरच्याने तसे करायचे, असे बदल त्यात आहेत. चाचणी अपमानास्पद वाटली, तर ती व्यक्ती पुढच्या फेरीला दार उघडत नाही. नमुन्यातून निरक्षर स्त्रिया गळतात, त्याचे एक मूळ इथे आहे.

जाता जाता: दर फेरीला तीच शब्दसूची वापरत असाल तर ती बदला. नियमित येणाऱ्यांना शब्द पाठ होतात, आणि गळतीने वर गेलेली सरासरी सरावाने आणखी वर जाते.

सहावी तपासणी: घरच्या माणसाकडून माहिती घेण्याची सोय आहे का?

इथून खर्च सुरू होतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’ १९९२ पासून साधारण दर दोन वर्षांनी फेरी घेतो आणि सहभागी स्वतः उत्तरे देऊ शकत नसेल, तर जोडीदार किंवा मूल यांची मुलाखत घेतो. इंग्लंडमधील समांतर अभ्यासाशी त्याची तुलना झाली, तेव्हा घरच्यांच्या या मुलाखतींमुळे मंद स्मृतीची माणसे नमुन्यात टिकून राहतात, हे स्पष्ट झाले. भारतातील ‘लासी’ या वार्धक्यावरील राष्ट्रीय अभ्यासाचे समन्वयन मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. त्याच्याशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशविषयक भागातही साठीच्या पुढील ४,०९६ जणांच्या चाचण्यांबरोबर त्यांना ओळखणाऱ्या व्यक्तीची मुलाखत घेतली गेली. साठीच्या पुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के हा जो अंदाज आता सगळीकडे उद्धृत होतो, तो या कामातून आला.

तुमच्याकडे अशी सोय नसेल, तर पुढच्या फेरीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. घरच्या माणसासाठी पंधरा-वीस मिनिटांची प्रश्नावली ठेवावी. केंद्रावर न येऊ शकणाऱ्यासाठी घरभेट आणि त्यालाही नकार आल्यास फोनवरची छोटी चाचणी, असे उतरते पर्याय आधीच ठरवावेत. आणि पुढे माझी निर्णयक्षमता गेली तर माझ्या वतीने कोणी बोलावे, हे सहभागी व्यक्तीकडून ती शाबूत असतानाच संमतीपत्रात लिहून घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कायदेशीर प्रतिनिधीची तरतूद आहे. ती कागदावर न आणल्यामुळे ऐन वेळी सुनेचे आणि मुलाचे एकमत होत नाही आणि माणूस हातचा जातो. घरच्यांचे उत्तर आणि स्वतःचे गुण यांची मोजपट्टी एक नसते, म्हणून काही घरांत दोन्ही मुद्दाम घ्यावीत, म्हणजे एकाचे दुसऱ्यात रूपांतर कसे करायचे ते कळते.

शिकागोच्या रश विद्यापीठाने १९९४ मध्ये कॅथलिक धर्मसेवकांबरोबर सुरू केलेल्या अभ्यासात पाठपुरावा फार चांगला राहिला आहे. तो वाचून हताश होऊ नये. मठात पत्ता बदलत नाही आणि सून दारात उभी नसते.

सातवी तपासणी: सांख्यिकी दुरुस्ती, जेवढी स्वतः करता येईल तेवढीच

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये हरवलेल्या माहितीचे जे वर्गीकरण दिले, ते सोप्या मराठीत असे: माहिती निव्वळ योगायोगाने हरवली, हरवण्याचे कारण आपल्याकडे नोंदलेल्या गोष्टींत आहे, किंवा कारण नेमके त्याच गोष्टीत आहे जी आपण मोजू शकलो नाही. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात पहिली शक्यता जवळजवळ नसते. दुसरी आणि तिसरी यांच्यातील फरक हाती असलेल्या आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. तो दुसऱ्या तपासणीतील समासाच्या शेऱ्यांवरून अदमासला जातो.

दुसरी शक्यता मान्य करता येत असेल, तर दोन साधने हाताशी आहेत. एक, फक्त सर्व फेऱ्या पूर्ण केलेल्यांचे विश्लेषण टाकून देऊन प्रत्येकाच्या उपलब्ध सर्व फेऱ्या वापरणारे मिश्र प्रतिमान (सांख्यिकी ‘मॉडेल’). एवढ्यानेही बरेच सुधारते. दोन, वजने. कोण पुढच्या फेरीत भेटेल याची शक्यता मागील गुण, वय, शिक्षण, एकटेपणा यांवरून काढायची आणि जो भेटला त्याला त्या शक्यतेच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचे, म्हणजे राहिलेला एक मंद स्मृतीचा माणूस गेलेल्या आपल्यासारख्यांच्या वतीनेही बोलतो. वरच्या कल्पित उदाहरणात मंद गटातील प्रत्येकाला २ आणि दुसऱ्या गटातील प्रत्येकाला १.११ वजन दिले, की सरासरी २४.३ येते आणि अर्ध्या गुणाची घसरण दिसू लागते. वजने काढल्यावर सर्वांत मोठी दहा जरूर पाहावीत. एकाच आजोबांना चाळीस माणसांचे वजन मिळाले असेल, तर तुमचा निकाल त्या आजोबांच्या त्या दिवशीच्या झोपेवर अवलंबून आहे.

यानंतर ताण देऊन पाहावे. गेलेल्यांचे गुण प्रतिमानाच्या अंदाजापेक्षा एकाने, दोनाने, तीनाने कमी होते असे धरून निकाल पुन्हा काढावा आणि कोणत्या टप्प्यावर निष्कर्ष पालटतो ते लिहावे. एका गुणावर पालटत असेल तर निष्कर्ष ठिसूळ आहे. पाचावर पालटत असेल तर बऱ्यापैकी भक्कम आहे. निबंधात हा तक्ता छापावा, पुरवणीत लपवू नये.

कुठे थांबावे आणि जैवसांख्यिकीतज्ज्ञाला बोलवावे

घरच्यांचे नकार स्मृतीच्या कारणाने आहेत हे दुसऱ्या तपासणीत स्पष्ट झाले असेल, म्हणजे तिसरी शक्यता समोर उभी असेल, तर वजनांवर भागत नाही. स्मृतीची घसरण आणि निघून जाणे यांचे संयुक्त प्रतिमान बांधावे लागते आणि ते आंतरजालावरील आज्ञावली डकवून करण्याचे काम नाही. मृत्यूंचे प्रमाण मोठे असेल, औषधाच्या चाचणीत दोन गटांतून वेगवेगळ्या कारणांनी माणसे गेली असतील, किंवा निकालावरून एखाद्या योजनेचा पैसा ठरणार असेल, तरीही थांबावे.

गळती दाराबाहेरच झाली असेल तेव्हाही थांबावे. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ या मोठ्या आरोग्य अभ्यासाने ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख लोकांना बोलावले आणि त्यांपैकी ५.५ टक्के आले. आलेले लोक एकूण लोकसंख्येपेक्षा निरोगी आणि सुस्थितीतले होते. जो कधी यादीत आलाच नाही, त्याची पहिल्या फेरीची माहिती नसते, म्हणून वरची वजने त्याला लागू पडत नाहीत. जनगणनेसारखा बाहेरचा आधार लागतो आणि तो कसा जोडायचा हे तज्ज्ञाने ठरवावे.

आणखी एक थांबणे आहे, ते तज्ज्ञासाठी नाही. स्वतः सहभागी व्यक्तीने, तिच्या पद्धतीने, तोंड फिरवून का होईना, नको म्हटले, तर ती नोंद ‘स्वतः नकार’ अशी करावी आणि त्या घरी पुन्हा जाऊ नये. चाचणीच्या वेळी कोणी रडू लागले किंवा घरचे माणूस काळजीवाहू म्हणून पार थकलेले दिसले, तर प्रश्नावली मिटून त्यांना स्मृतिचिकित्सालयाचा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा पत्ता द्यावा. संशोधकाने तिथे निदान सुचवू नये. ते डॉक्टरांचे काम आहे.

तज्ज्ञाकडे जाताना स्वच्छ केलेली फाइल एकटी नेऊ नये. पहिल्या तपासणीचा तक्ता, मृत्यूंची महिन्यांसह यादी, नकारांचे नवे वर्गीकरण, प्रत्येक फेरीची प्रश्नावली आणि मूळ नोंदवह्या बरोबर न्याव्यात. पावसात भिजून पाने चिकटली असतील तर ती न फाडता तशीच न्यावीत आणि पेन्सिलीचे शेरे खोडून कोणी वही ‘नीट’ केली नाही ना, एवढे निघण्याआधी पाहून घ्यावे.